उन्हाळ्यात परदेशी जाऊन स्पॅनिश शिकायचं आहे? शिष्यवृत्ती कशी जुळवायची

विद्यापीठात शिकता शिकता जून ते ऑगस्टमध्ये स्पेनला किंवा लॅटिन अमेरिकेत जायचं, तीन ते आठ आठवडे स्पॅनिश शिकायचं आणि सगळा खर्च एकाच शिष्यवृत्तीतून भागवायचा, हे फार थोड्यांना साधतं. पूर्ण खर्च उचलणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या पदवीसाठी, पदव्युत्तर अभ्यासासाठी किंवा निदान एका सत्रासाठी असतात. उन्हाळी भाषावर्गाच्या वाट्याला येतात त्या छोट्या रकमा: कुठे फीमाफी, कुठे विमानभाडं, कुठे एकरकमी अनुदान. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन-तीन रकमा एकत्र जुळवायच्या हिशेबानेच कामाला लागा. "फुल्ली फंडेड" एवढंच शोधत बसणाऱ्यांचा जानेवारी त्यातच जातो, आणि तोवर छोट्या अनुदानांच्या मुदती टळून जातात.

पैसे कुठे असतात

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे तुमचंच विद्यापीठ. स्पॅनिश विभागाचा प्रवासनिधी, आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं अनुदान, माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेले निधी, विद्यार्थी कल्याण निधी. यांची जाहिरात नीट होत नाही, संकेतस्थळावरचं पान तीन वर्षं जुनं असतं, आणि म्हणूनच अर्जही कमी येतात. ईमेल करून थांबू नका. विभागाच्या कार्यालयात जाऊन "गेल्या उन्हाळ्यात कोणाला पैसे मिळाले आणि कोणत्या खात्यातून?" असं विचारा. "काही शिष्यवृत्ती आहे का?" या प्रश्नाला बहुधा "नाही" असंच उत्तर मिळतं.

दुसरी जागा भाषाविषयक संघटनांची. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये सिग्मा डेल्टा पी ही स्पॅनिश शिकणाऱ्या गुणवंतांची संघटना आहे. १९१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात ती सुरू झाली आणि सदस्य विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासासाठी पुरस्कार देते. अशा ठिकाणी आधी सदस्य व्हावं लागतं, आणि सदस्यत्वासाठी स्पॅनिशचे ठरावीक विषय पूर्ण झालेले असावे लागतात. म्हणजे जायचं त्याच्या आदल्या वर्षीच तयारी हवी.

तिसरी जागा सरकारी योजनांची. त्या बहुतेक नागरिकत्वाला बांधलेल्या असतात. अमेरिकेची गिलमन शिष्यवृत्ती फक्त अमेरिकी नागरिक किंवा "यूएस नॅशनल" असलेल्या, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे. तिची कमाल रक्कम ५,००० डॉलर आणि परदेशातल्या मुक्कामाची किमान अट तीन आठवड्यांची. त्याच सरकारची क्रिटिकल लँग्वेज शिष्यवृत्ती मात्र स्पॅनिशसाठी नाही. यादीत ही भाषाच नाही. आपल्या देशाच्या बाबतीत आधी नागरिकत्वाची अट वाचा आणि मगच पुढचं पान उघडा.

चौथी जागा यजमान विद्यापीठं आणि प्रतिष्ठानं. स्पेनमधल्या सांतांदेर शहरातलं मेनेन्देझ पेलायो आंतरराष्ट्रीय विद्यापीठ १९३२ पासूनचं, उन्हाळी अभ्यासक्रमांसाठीच ओळखलं जाणारं. अशा ठिकाणी फीमाफीच्या जागा निघतात का, हे दरवर्षी पाहावं लागतं. सांतांदेर बँकेच्या शिष्यवृत्ती मंचावर भाषेच्या योजनाही येत असतात.

शोधताना हमखास वर येणारी, पण तुमच्या कामाची नसलेली नावंही माहीत असू द्या. इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेतला विद्यार्थ्यांचा नेहमीचा मुक्काम २ ते १२ महिन्यांचा असतो. ५ ते ३० दिवसांचा छोटा प्रकार आहे, पण तो ऑनलाइन भागाला जोडलेला आणि विद्यापीठांनी आपसात ठरवलेला. एखाद्या भाषाशाळेचा जुलैचा वर्ग त्यात बसत नाही. स्पेनचं कारोलिना प्रतिष्ठान मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या पदवीधरांना पुढच्या शिक्षणासाठी मदत करतं. स्पेनच्या शाळांतल्या संभाषण सहायकांची योजना शालेय वर्षाची आहे, उन्हाळ्याची नाही.

आणि एक वेगळाच प्रकार: एजंटची किंवा शाळेची "२० टक्के शिष्यवृत्ती". ही शिष्यवृत्ती नव्हे, सवलत. घ्यायला हरकत नाही, पण अर्जात "मिळालेली शिष्यवृत्ती" म्हणून लिहू नका. अर्ज करण्यासाठीच फी मागणाऱ्याकडे तर पाठच फिरवा.

आधी कोर्स, मग अर्ज

बहुतेक समित्या "स्पॅनिश शिकायला कुठेतरी" याला पैसे देत नाहीत. कोर्सचं नाव, तारखा, तास आणि फी त्यांना लागते. म्हणून कोर्स निवडणं ही अर्जाची पहिली पायरी.

स्पेनमध्ये निवडताना इन्स्तितुतो सर्व्हान्तेसची मान्यता आहे का, ते पाहा. १९९१ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी संस्था स्पॅनिश शिकवणाऱ्या केंद्रांना तपासणीनंतर मान्यता देते, आणि मान्यताप्राप्त केंद्रांची यादी खुली असते. विद्यापीठांचे स्वतःचे भाषाविभागही भरवशाचे: सलामांका (विद्यापीठ १२१८ मधलं), अल्काला दे एनारेस, ग्रानादा. यांचं प्रमाणपत्र क्रेडिटसाठी तुमच्या विद्यापीठाला दाखवणं सोपं जातं. मेक्सिकोत राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, म्हणजे उनाम, १९२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवत आहे. सुरुवात झाली तीच उन्हाळी शाळा म्हणून. ग्वातेमालातल्या अँटिग्वामध्ये एक शिक्षक-एक विद्यार्थी अशी पद्धत रूढ आहे. बोलणं सुटायला ती उत्तम, पण क्रेडिट हवं असेल तर तिथल्या शाळेला कोणत्या विद्यापीठाचा आधार आहे ते आधी विचारा.

अर्जेंटिना आणि चिलेच्या बाबतीत एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते: तिथे जुलै म्हणजे हिवाळा. "समर कोर्स" म्हणून तिथे जाहीर होतात ते जानेवारी-फेब्रुवारीचे. शिष्यवृत्तीच्या नियमात "जून ते ऑगस्ट" असेल तर हे वर्ग चालत नाहीत. उलट टोक दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचं. सेविया-कोर्दोबामध्ये जुलैत पारा चाळिशीच्या पार जातो, दुपारी शहर बंद असतं, म्हणून वर्ग सकाळीच आहेत ना ते बघून घ्या.

तासांचं गणित नीट करा. आठवड्याला २० तास, चार आठवडे, म्हणजे ८० तास. पण शाळेचा एक "तास" पुष्कळदा ४५ किंवा ५० मिनिटांचा असतो. ४५ मिनिटांनी मोजलं तर ते खरे ६० तासच भरतात. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट २५ ते ३० तासांच्या एकूण कामाचं, घरचा अभ्यास धरून. तुमच्या विद्यापीठाचं क्रेडिट वर्गातल्या तासांवर ठरत असेल तर हा फरक नेमका तिथे नडतो. अभ्यासक्रमाची प्रत, तासांची फोड आणि मूल्यमापनाची पद्धत शाळेकडून मागवा आणि जाण्याआधीच क्रेडिटची लेखी मंजुरी घ्या. परत आल्यावर मागितलेली मंजुरी मिळेलच असं नाही, आणि अनेक अनुदानं "क्रेडिट मिळणाऱ्या" कोर्सलाच असतात.

पातळी सांगताना युरोपीय चौकटीतली भाषा वापरा: ए१ (अगदी सुरुवात) पासून सी२ (सगळ्यात वरची) पर्यंत. "तीन सत्रं झाली" याचा समितीला काही अर्थ लागत नाही. कागद हवा असेल तर डेले किंवा सिएले या स्पॅनिशच्या परीक्षा आहेत. डेलेचं प्रमाणपत्र कायम टिकतं, पण परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते आणि निकालाला काही महिने लागतात. मार्चच्या अर्जासाठी जानेवारीत परीक्षेचा विचार करून उपयोग नाही. सिएले संगणकावर होते आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत हाती येतो. दोन्ही नसेल तर तुमच्या शिक्षकांचं पातळी सांगणारं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. पातळी फुगवून मात्र लिहू नका. पहिल्याच दिवशी तिथे प्लेसमेंट टेस्ट होते. बी१ लिहून ए२ च्या वर्गात बसावं लागलं तर क्रेडिटची मंजुरी आणि कधी कधी अनुदानही अडकतं.

पैशांचा तक्ता

अर्जातला बजेटचा तक्ता हा समिती सगळ्यात बारकाईने वाचते तो कागद. गोल आकडे आणि "इतर खर्च" नावाची मोठी ओळ दिसली की अर्ज खाली सरकतो. चार आठवड्यांचा एक नमुना बघा. आकडे केवळ समजण्यापुरते. कोर्स ९०० युरो, यजमान कुटुंबाकडे दोन वेळच्या जेवणासह राहणं १,१००, विमानभाडं ९००, विमा ६०, व्हिसा आणि कागदपत्रं १००, शहरातला प्रवास आणि पुस्तकं २००. बेरीज ३,२६०. वर साधारण दहा टक्के राखीव, ३४० धरा. एकूण ३,६००.

आता जमेची बाजू: विभागाचं अनुदान १,०००, यजमान विद्यापीठाची निम्मी फीमाफी ४५०, प्रवासनिधी ७००. झाले २,१५०. उरलेले १,४५० कुठून येणार, ते याच तक्त्यात लिहा: बचत, कुटुंब, काम, जे खरं असेल ते. उरलेल्या पैशांची सोय दाखवणारा अर्ज भारी पडतो, कारण पैसे देऊनही विद्यार्थी जाऊच शकला नाही, ही समितीची खरी भीती असते. मघाची ती २० टक्के सवलत याच तक्त्यात टाकून पाहा. ९०० चे २० टक्के म्हणजे १८०. एकूण खर्चाचे फक्त ५ टक्के.

रकमा एकत्र करताना दोन नियम तपासा. काही शिष्यवृत्त्या "दुसरी मदत घेता येणार नाही" अशा असतात, काही फक्त त्याच खर्चासाठी दुसरी मदत नाकारतात. फीमाफी आणि प्रवासनिधी चालतात, पण दोन फीमाफ्या चालत नाहीत, असा हा मामला. शिवाय बाहेरून रक्कम मिळाली की काही विद्यापीठं आपली मदत तेवढ्याने कमी करतात. आर्थिक मदत कार्यालयाला हे लेखी विचारा.

स्पेनची जाहिरात वाचताना

स्पेनमधल्या सार्वजनिक संस्थांची शिष्यवृत्ती "कोन्वोकातोरिआ" या अधिकृत कागदाने जाहीर होते. संकेतस्थळावरचा गोषवारा वाचून अर्ज भरू नका. हा पूर्ण कागद वाचा, भाषांतराची मदत घेऊन का होईना. रेकिसीतोस म्हणजे पात्रता, क्वान्तिआ म्हणजे रक्कम, प्लासो म्हणजे मुदत. मुदतीपुढे "ओरा पेनिन्सुलार" असेल तर ती स्पेनच्या मुख्य भूमीची वेळ. कानारी बेटांवरचं घड्याळ तिच्या एक तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, हेही ध्यानात असू द्या.

त्यानंतर आधी तात्पुरती यादी लागते. तिथे नावापुढे "एक्सक्लुइदो" (वगळलेलं) दिसलं की बरेच जण नाद सोडतात. घाई करू नका. शेजारच्या रकान्यात कारण दिलेलं असतं, आणि पुष्कळदा ते एखाद्या राहिलेल्या कागदाचं असतं. तो पुरवण्यासाठी "सुबसानासिओन"ची मुदत मिळते, सर्वसाधारणपणे १० कामाचे दिवस. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत. या मुदतीत कागद गेला की अर्ज पुन्हा शर्यतीत. ही सूचना वैयक्तिक ईमेलने येईलच असं नाही, यादी फक्त संकेतस्थळावर लागते. म्हणून अर्जाची मुदत संपल्यापासून आठवड्यातून दोनदा ते पान उघडून बघायची सवय ठेवा. "सुप्लेन्ते" म्हणजे राखीव यादी. कोणी माघार घेतली तर जूनमध्येसुद्धा बोलावणं येतं.

अर्ज कसा दाखल करायचा, हेही आधी बघा. काही ठिकाणी स्पेनचं डिजिटल प्रमाणपत्र लागतं आणि परदेशातल्या विद्यार्थ्याकडे ते नसतं. पर्यायी मार्ग याच कागदात दिलेला असतो. तो सापडत नसेल तर शेवटच्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्यात विचारा.

नावाचा घोळ तर ठरलेला. स्पॅनिश अर्जात दोन आडनावांचे रकाने असतात. दुसरं आडनाव नसेल तर रकाना रिकामा सोडा. तो सक्तीचा असेल तर काय लिहायचं ते कार्यालयाला विचारा, मधलं नाव मनाने तिथे टाकू नका. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव अर्ज, प्रवेशपत्र, विमा आणि तिकीट या चारही ठिकाणी हवं. अधिकृत भाषांतर मागितलं असेल तर "हुरादा" हा शब्द आहे का बघा. असल्यास शपथबद्ध अनुवादकाचंच भाषांतर चालतं, आणि त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात.

हेतुपत्र आणि शिफारस

हेतुपत्रात सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य: "मला लहानपणापासून स्पॅनिश संस्कृतीचं आकर्षण आहे." वाचणाऱ्याने तेच वाक्य त्या दिवशी वीसदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं काही लिहा:

"सध्या माझी पातळी ए२ आहे. भूतकाळाची इन्देफिनिदो आणि इम्पेर्फेक्तो ही दोन्ही रूपं वाचताना कळतात, पण बोलताना मी एकच वापरते. मी सार्वजनिक आरोग्य शिकते, आणि रुग्णाला 'कधीपासून दुखतंय आणि आधी कसं होतं' हे विचारायला दोन्ही लागतात. ८० तासांच्या या वर्गात रोज एक तास फक्त संभाषणाचा आहे. परतल्यावर पुढच्या सत्रातला वैद्यकीय स्पॅनिशचा विषय मी घेणार आहे. त्याला बी१ ची अट आहे."

पाच-सहा वाक्यांत आजची पातळी, नेमकी उणीव, हाच कोर्स का आणि पुढे काय, सगळं आलं. "हेच तुमच्या गावी का शिकता येणार नाही?" हा समितीचा न विचारलेला प्रश्न असतो, त्याचं उत्तर पत्रात कुठेतरी असलंच पाहिजे. आणि चार आठवड्यांत "अस्खलित" होण्याचं वचन देऊ नका. एक पातळी पूर्ण करणं हेच चार आठवड्यांत पुष्कळ झालं.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या प्राध्यापकांकडून घेण्यापेक्षा, ज्यांच्या वर्गात तुम्ही स्पॅनिश बोललात त्या शिक्षकांकडून घ्या. किमान चार आठवडे आधी सांगा. सोबत गुणपत्रक, हेतुपत्राचा मसुदा, कोर्सची माहिती आणि मुदत, तीही वेळेसकट, एकाच ईमेलमध्ये द्या. ऑनलाइन अर्जात शिक्षकांना दुवा आपोआप जातो आणि तो हमखास स्पॅममध्ये पडतो. दुवा गेला त्या दिवशीच "मिळाला का?" म्हणून विचारा.

मुलाखत असेल तर तिचा काही भाग स्पॅनिशमध्ये होतो. पाठ केलेलं भाषण दुसऱ्याच वाक्याला ओळखू येतं, आणि मग मधेच प्रश्न येतो. कळलं नाही तर "पोद्रीआ रेपेतिर, पोर फाव्होर?" (कृपया पुन्हा सांगाल का?) असं स्पॅनिशमध्येच विचारा. त्याचे गुण कापत नाहीत. गप्प बसण्याचे कापतात.

वेळापत्रक आणि व्हिसा

आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निधी आणि कोर्स शोधा, नोव्हेंबरमध्ये शिफारशी सांगा, डिसेंबरात बजेट आणि पत्र तयार ठेवा. पुष्कळशा मुदती जानेवारी ते मार्चमध्ये येतात, निकाल एप्रिल-मेपर्यंत लांबतात. अडचण अशी की कोर्सची अनामत आणि स्वस्त तिकीट त्याआधीच मागितलं जातं. म्हणून अनामत भरताना परताव्याचा नियम वाचा: व्हिसा नाकारला तर किती परत, शिष्यवृत्ती न मिळाल्यास किती. बहुतेक शाळा पहिल्या कारणाला मानतात, दुसऱ्याला नाही.

पासपोर्टनुसार शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागत असेल तर ९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून निकाल मेअखेर आणि कोर्स १ जुलैला, ही जोडी धोक्याची. शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट न बघता व्हिसा केंद्राची वेळ घेऊन ठेवा. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला पाहिजे.

अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन नियमांनुसार व्हिसा शुल्क माफ आहे. केंद्रावर ते कोणी आपणहून सांगत नाही. विद्यापीठाचं बोनाफाइड आणि कोर्सचं प्रवेशपत्र दाखवून स्पष्ट मागणी करा. अर्ज गोळा करणाऱ्या खासगी केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं, ते भरावं लागतं.

शिष्यवृत्तीचं पत्र आर्थिक पुरावा म्हणूनही चालतं, पण त्यावर रक्कम, चलन, कोणत्या खर्चासाठी आणि कोणत्या तारखांसाठी हे चारही हवं. "आपली निवड झाली आहे, अभिनंदन" एवढंच पत्र व्हिसासाठी निरुपयोगी.

पैसे हातात पडेपर्यंत

बरीच अनुदानं आगाऊ मिळत नाहीत; पावत्या दिल्यावर परत येतात, कधी परतल्यानंतर दोन महिन्यांनी. तोवरची सोय लागते, म्हणून मंजुरीपत्र मिळताच हप्त्यांच्या तारखा विचारा. शाळेला बँकेतून पैसे पाठवताना सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, हा "ओयूआर" पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँका थोडे युरो कापतात, शाळेकडे रक्कम कमी पोहोचते आणि नोंदणी अपूर्ण म्हणून जागा अडकून राहते.

पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, बोर्डिंग पाससुद्धा. हजेरीची किमान अट मोडली तर पैसे परत मागण्याची तरतूद करारात असते. शुक्रवारच्या दांड्या इथेच महागात पडतात. शेवटच्या आठवड्यात, कार्यालय उघडं असतानाच, प्रमाणपत्र हातात घेऊन त्यावर तास, पातळी, गुण, हजेरीची टक्केवारी, सही आणि शिक्का आहे का ते जागेवर तपासा. स्पेनमध्ये ऑगस्टमध्ये कित्येक विद्यापीठ कार्यालयं बंद असतात, आणि चुकलेलं नाव दुरुस्त करून घ्यायला मग सप्टेंबर उजाडतो.